आरएक्स १०० चं कार्बोरेटर किट: रबर वापरा, पितळ बाजूला ठेवा

आरएक्स १०० ही यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल; तिच्या कार्बोरेटरात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण होतं. सांगली-मिरजेत स्पेअरच्या दुकानात 'आरएक्सचं कार्बोरेटर किट द्या' म्हटलं की काउंटरवर एक छोटी प्लास्टिकची पिशवी येते. किंमत दोन-अडीचशेच्या आसपास, आणि वर बहुतेक वेळा बनवणाऱ्याचं नावही नसतं. आत मेन जेट आणि पायलट जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे), जेट नीडल नि तिची क्लिप, फ्लोट नीडल (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई), स्प्रिंगसकट एअर स्क्रू, तळाच्या पेट्रोलच्या वाटीचं गॅस्केट आणि दोन-चार ओ-रिंग. पैसे वसूल होतात ते शेवटच्या दोन वस्तूंत. बाकीचं डोळे झाकून बसवलं तर चालती गाडी बंद पडते.

आरएक्स १९८५ ते १९९६ मधली, म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा तिशीला टेकली. तिच्या मिकुनी कार्बोरेटरातलं रबर त्या काळच्या पेट्रोलसाठीचं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं (आपल्याच उसाच्या मळीतलं असेल, पण रबराला त्याचं कौतुक नाही). त्यानं जुनं रबर फुगतं, मग कडक होऊन चिरतं. शिवाय इथेनॉल पाणी धरतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली की वाटीच्या तळाशी पाणी साचतं आणि पांढरी पूड धरते. तेव्हा गॅस्केट आणि ओ-रिंग बदलायलाच हव्यात. किटमधली ओ-रिंग मात्र आधी झाकणाच्या काचेच्या बाटलीत, पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी फुगून खाचेत बसेनाशी झाली तर सरळ फेकून द्या.

आता जेट. नंबर तोच कोरलेला असला तरी भोक तेवढंच असेल याची खात्री नाही. जुना आणि नवा जेट शेजारी धरून उजेडात बघा. नव्याच्या भोकाच्या कडेला बऱ्याचदा पितळाची कूस दिसते. भोक बारीक निघालं तर पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि हायवेवर फुल थ्रॉटलला पिस्टन जाम होतो. टू-स्ट्रोकमध्ये ही चूक सिलिंडरच्या बोअरपर्यंत महागात पडते. कंपनीचा जुना जेट सहसा झिजत नाही, फक्त चोंदतो. कार्ब क्लीनर मारा, पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं, त्यात तार किंवा टाचणी घालू नका; मासेमारीची नायलॉन दोरी चालते. स्प्रे मारण्याआधी रबर नि फ्लोट (वाटीतला तरंगता भाग) काढून ठेवायचे. झिजते ती जेट नीडल आणि तिच्याखालचा नीडल जेट, कारण दोन्ही एकमेकांवर घासतात. ते बदलायचेच झाले तर ओरिजिनल जोडी शोधा, किटमधली नको.

फ्लोट नीडलबाबत किट अर्धंच काम करतं. सुई नवी मिळते, ती जिथे टेकते ती सीट जुनीच राहते. सीटवर खाच असेल तर नवी सुईही गळते आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. कापसाच्या काडीला ब्रासो लावून सीट घासा, नीट धुवा. मग फ्लोट बसवून कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोल येण्याच्या नळीतून हलकेच फुंका. हवा अडली पाहिजे.

जोडताना थ्रॉटलच्या केबलनं वरखाली होणाऱ्या स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. उलटी बसली तर किक मारताच इंजिन रेस घेतं. जेट नीडलची क्लिप मधल्या खाचेत, एअर स्क्रू पूर्ण आत नेऊन दीड आटा बाहेर. तिथून पुढे गरम इंजिनवर ट्यूनिंग. या कार्बोरेटरात स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते, हे उलटं समजून अनेक जण गाडी बिघडवतात. वाटीचे स्क्रू साध्या फिलिप्सनं निसटतात; पेचकस घट्ट दाबून, मागून हलका ठोका देऊन सोडवा.

किट घेण्याआधी मात्र दोष खरंच कार्बोरेटरात आहे का ते बघा. चार-पाच किलोमीटर जाऊन बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडलं की पुन्हा चालू होते? झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीखालच्या पेट्रोल कॉकची नळी काढल्यावर धार बारीक येते? कॉकची जाळी गंजानं भरलीय. थ्रॉटल सोडल्यावरही रेस खाली येत नाही? कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या मॅनिफोल्डचं रबर चिरलं असेल, नाहीतर क्रँकचा सील गेला असेल. आणि खाली सांगलीत नीट चालणारी गाडी पसरणी घाट चढून महाबळेश्वरला जड वाटत असेल, स्पार्क प्लग काळा पडत असेल, तर तिथली हवा विरळ आहे म्हणून. त्यावर किट घेऊन उपयोग नाही; वर मुक्काम असेल तर क्लिप एक खाच वर घ्या, जेट नीडल खाली येते आणि पेट्रोल कमी जातं. उतरल्यावर न विसरता परत मधल्या खाचेत, नाहीतर हायवेवर मिश्रण पातळ पडेल.