पुलास्कीची नदी: ऑक्टोबरचा सॅमन की नोव्हेंबरचा स्टीलहेड?

लहानपणी खाडीच्या काठावर गरी टाकून बसलेला माणूस न्यू जर्सीत स्थायिक झाला, की पाच-सहा वर्षांत त्याच्या कानावर न्यू यॉर्क राज्यातल्या पुलास्कीचं नाव पडतंच. एडिसनहून गाडीने पाचेक तास. ८१ नंबरच्या हायवेला लागून गाव, गावातून वाहणारी सॅमन रिव्हर, आणि ती पुढे पोर्ट ऑन्टॅरियोला ऑन्टॅरियो तलावात जाते. वर धरण आहे, त्यामुळे तलावातून चढून येणाऱ्या माशाला मिळते ती खालची १७ मैल नदी. एवढ्याशा पट्ट्यासाठी दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात.

गाइड घ्यायचा, वेडर्स, म्हणजे पाणी आत न येणारी छातीपर्यंतची विजार, चढवायचे आणि पाण्यात उभं राहून गरवायचं, इथवर बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडतं ते तारखेवर. ऑक्टोबरात गेलात तर सॅमन, नोव्हेंबरात गेलात तर स्टीलहेड. मी दोन्ही केलंय, दोन्हीचे पैसे मोजलेत. पहिल्यांदाच जाणाऱ्यालाही मी नोव्हेंबरच सांगतो, आणि त्यावर घरातच वाद होतो, कारण माझा मेहुणा ऑक्टोबरवाला आहे.

मासा भुकेला आहे का?

सगळा फरक इथून सुरू होतो. ऑक्टोबरचा राजा म्हणजे चिनूक, तिकडचे लोक त्याला ‘किंग’च म्हणतात. हा तलावात तीन-चार वर्षं खाऊन फुगतो आणि अंडी घालायला नदीत शिरला की खाणं सोडतो. पोट आक्रसतं, अंग काळपट पडतं, नराचा जबडा वाकडा होतो. अंडी घालून झाली की मरतो, परत जाणं नाही. मग अशा माशाने आमिष का घ्यावं? कधी चिडून, कधी सवयीने. गाइडचं कौशल्य म्हणजे ती आमिषाची गोळी त्याच्या तोंडासमोरून पुन्हा पुन्हा नेणं.

व्हायचं काय, की मासे दाटीने उभे असतात आणि गरी तोंडाऐवजी कल्ल्यावर, पाठीत, शेपटीत अडकते. एकेकाळी इथे मुद्दाम अशी गरी ओढून मासे काढायची परवानगी होती. १९९०च्या दशकात ती बंद झाली. आता तोंडाबाहेर लागलेला मासा सोडावाच लागतो. माझ्या पहिल्या ऑक्टोबरात चार मासे लागले, त्यातले दोन असेच बाहेरून. शेपटीत गरी अडकलेला २० पौंडांचा, म्हणजे ९ किलोंचा मासा प्रवाहाच्या दिशेने सुटला की तुमच्या हातात काहीच राहत नाही. दोरी सरसरत जाते आणि तुम्ही नुसते बघता.

पण बघण्यासारखं असतं, हे मेहुण्याचं म्हणणं मला मान्य आहे. गुडघाभर पाण्यात उभं असताना दोन हातांवरून पाणी फाकतं, एक काळी पाठ वर येते आणि तुमच्या पोटरीला घासून निघून जाते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी ओरडलो होतो. राज्याचा विक्रमी चिनूक १९९१ साली याच नदीत लागला, ४७ पौंड १३ औंसांचा. आणि कोहो या त्याच्या धाकट्या भावाचा ३३ पौंड ४ औंसांचा जागतिक विक्रमही इथलाच, १९८९चा. असला मासा लागण्याची शक्यता तुम्हाला-मला नाही, पण नदीत उतरताना तो आकडा डोक्यात असतोच.

स्टीलहेडचं गणित वेगळं. हा जातीने रेनबो ट्राउट. नदीत जन्मून समुद्रात किंवा मोठ्या तलावात जातो, तिथे चंदेरी, भरीव होतो आणि परत येतो. अंडी घातली म्हणून मरेलच असं नाही, तलावात परत जाऊन पुढच्या खेपेला पुन्हा येऊ शकतो. मुख्य म्हणजे नदीतही खातो. ऑक्टोबरात सॅमनने घातलेली अंडी प्रवाहात सुटतात आणि ती टिपायला स्टीलहेड मागोमाग शिरतो. नोव्हेंबरात सॅमनची मढी काठाला लागलेली असतात आणि हा भुकेला मासा नदीभर पसरलेला असतो.

त्यामुळे इथे मासा खरंच ‘घेतो’. दोरीवरचं नारंगी, तरंगतं बोंड पाण्याच्या वेगाने वाहत येतं. एका जागी ते आजूबाजूच्या फेसापेक्षा किंचित मागे पडतं. बुडत नाही, नुसतं रेंगाळतं. गाइड मागून हळूच म्हणतो, ‘आता’. तुम्ही रॉड उचलेपर्यंत तो क्षण गेलेला असतो. सकाळभर हेच चाललं. अकराच्या सुमाराला मी त्याने सांगायच्या आत रॉड उचलला, आणि समोर आठ-नऊ पौंडांचा मासा पाण्याबाहेर पुरता उडाला. त्याच दिवसाचे पैसे मला वसूल झाल्यासारखे वाटतात.

गर्दी आणि थंडी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची सुट्टी असते. त्या शनिवार-रविवारी पुलास्कीला जाणं म्हणजे गणपतीत कोकणात जाणं. पहाटे अंधारात डोक्याला दिवा बांधून माणसं जागा धरून उभी, दोघांमध्ये जेमतेम रॉडभर अंतर. कुणाला मासा लागला की तो ओरडतो आणि बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळायच्या. न गुंडाळणारेही असतात, मग भांडणं होतात. अशा रांगेत गाइड तुम्हाला जागा मिळवून देतो, पण पाणी वाचायला शिकवू शकत नाही. जागा सोडली की गेली.

त्यावर एक उपाय आहे. मुखाजवळचा अडीच मैलांचा डग्लस्टनचा पट्टा खाजगी आहे. तिथे रोजची फी भरावी लागते आणि माणसं मोजूनच सोडतात. तलावातून येणारा ताजा, अजून काळा न पडलेला मासाही आधी तिथेच लागतो. ऑक्टोबरच पक्का असेल तर एवढा खर्च करा.

नोव्हेंबरात गर्दी निम्म्याहून कमी असते आणि जागा बदलत चालायला मिळतं. सकाळी नदीकाठचं पाइनव्हिल, दुपारी त्याच्या वरचं ऑल्टमार. ऑल्टमारला हॅचरीजवळ, म्हणजे माशांची पिल्लं वाढवतात त्या केंद्राजवळ, फक्त माशीने, म्हणजे पिसा-धाग्याच्या कृत्रिम आमिषाने गरवायचे आणि मासा सोडून द्यायचे पट्टेही आहेत. गाइड दाखवतो की वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या शिवणीवर मासा उभा असतो. त्या एका दिवसात शिकलेलं पुढच्या दहा खेपांना पुरतं.

थंडी मात्र खरी आहे. मागेच टग हिलचं पठार आहे आणि तलावावरून येणारा बर्फ तिथे अंगावर ओतल्यासारखा पडतो. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ साचून दोरी अडकते. मग टोक पाण्यात बुडवून ते विरघळवायचं, दर पाच मिनिटांनी. जानेवारी-फेब्रुवारीत मासा गारठून खोल डोहात पडून राहतो, तेव्हा मी जात नाही. साठी ओलांडलेल्या किंवा थंडीने बोटं पांढरी पडणाऱ्या माणसाला माझा आग्रह नाही, त्यांनी ऑक्टोबरचा पहिला आठवडा घ्यावा, तोही आठवड्यातल्या मधल्या वारी.

पाण्यात उभं राहायचं, की होडीत बसायचं?

नदीचं पाणी धरणातून सोडलं जातं. सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत सेकंदाला किमान ३३५ घनफूट. एवढ्या पाण्यात धडधाकट माणूस गाइडचा दंड धरून नदी ओलांडतो. ७५०ला मी फक्त काठाकाठाने चालतो, आणि हजाराच्या वर गेलं की पाण्यात उतरायचा विचारच सोडतो. तेव्हा वल्ह्यांची ड्रिफ्ट बोट बरी. गाइड वल्हवतो, हिवाळ्यात बऱ्याच बोटींत गॅसचा हीटरही असतो. गुडघे दुखत असतील तर कुठल्याही पाण्यात होडीच घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

तळ गोल गोट्यांचा आणि शेवाळलेला. बुटांना खिळे हवेत, हातात काठी हवी, आणि वेडर्सवर कमरेला आवळून पट्टा हवाच. मेहुण्याचा पट्टा सैल होता. घसरला तो फक्त मांडीभर पाण्यात, पण वेडर्समध्ये पाणी शिरलं आणि त्याला उठवायला आम्ही दोघं लागलो. उरलेला दिवस त्याने गाडीत हीटर लावून काढला. त्या खेपेच्या गाइडने निघताना पट्टा तपासला नव्हता. तेव्हापासून मी बुकिंगच्या फोनवर दोनच प्रश्न विचारतो: वेडर्स, बूट, काठी तुमच्याकडे आहेत का, आणि एका वेळी किती माणसं नेता? तीनपेक्षा जास्त म्हणाला तर मी फोन ठेवतो. दोघं उत्तम.

दोघांचा मिळून गाइडचा दिवस साधारण ४०० ते ६०० डॉलरच्या दरम्यान बसतो. वर टिप, आणि मासेमारीचं लायसन्स ज्याचं त्याने काढायचं. दोन्ही मोसमांत दरात फार फरक नसतो, म्हणून पैशावरून निवड होत नाही.

घरी काय नेणार?

हा प्रश्न आपल्याकडचे सगळेच विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो. नदीत चढून काळा पडलेला चिनूक कालवणाच्या लायकीचा नसतो. मांस फिकट, मऊ. एकदा आणला होता, आगळ, तिरफळ सगळं घातलं, शेवटी टाकून दिला. ताजा चंदेरी कोहो किंवा स्टीलहेड चवीला चांगला, पण तलावातल्या प्रदूषणामुळे हे मासे किती खावेत यावर आरोग्य खात्याच्या सूचना आहेत, बायकांसाठी आणि मुलांसाठी जास्तच कडक. किती मासे ठेवता येतील याचे नियमही बदलत राहतात, लायसन्स काढताना चालू नियम वाचा. मी आता सगळे सोडतो. सुरमई एडिसनला मिळते.

पश्चिमेकडच्यांसाठी

सिअ‍ॅटल-पोर्टलंडकडचे मित्र म्हणतात, तुमचा स्टीलहेड खरा नव्हेच, तलावातला. त्यांचंही खोटं नाही. ऑन्टॅरियो तलावाचा मूळचा अटलांटिक सॅमन १९व्या शतकाच्या अखेरीस संपला. आजचे चिनूक, कोहो, स्टीलहेड हे सगळे मुळात पॅसिफिककडून आणलेले, त्यातले बरेचसे ऑल्टमारच्या हॅचरीत वाढवून सोडलेले.

तिकडे खरी रानटी नदी हवी तर ओरेगॉनची डेशूट्स. तिच्या खालच्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी होडीतून गरी टाकायला बंदीच आहे. होडी फक्त ने-आण करते, गरवायचं पाण्यात उभं राहूनच. दोन हातांचा लांब रॉड, प्रवाहाला आडवी झुलवत नेलेली माशी, आणि दिवसात एक खेच मिळाली तरी खुशाल घरी यायचं. पाठीवरचा छोटा पर शाबूत असलेला मासा हॅचरीचा नसतो, तो सोडावाच लागतो. कोलंबिया नदीतली दोन धरणं ओलांडून हे मासे तिथवर पोचतात, आणि काही वर्षी फारच थोडे पोचतात. २०२१ साली तर मोसमाच्या भरात स्टीलहेडची मासेमारी बंद करावी लागली होती. म्हणून पहिल्याच गाइडसाठी विमानाने तिकडे जाऊ नका. तिथेच राहत असाल तर गोष्ट वेगळी.

माझं यंदाचं ठरलंय: नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार, ऑफिसात रजा टाकून. आदल्या रात्री पाइनव्हिलच्या पाणीमापकाचा आकडा बघायचा. ५००च्या आत असला तर मेहुणाही येतो म्हणालाय, नवा पट्टा घेऊन.