अमेरिकेतल्या मुलाचं ‘पोलीस रेकॉर्ड’ काढून देतो म्हणणारा माणूस, आमचे ६१ हजार आणि एक मोडलेलं स्थळ

मागच्या वर्षी आमच्या घरी जे झालं ते चारचौघांत सांगायचा धीर मला होत नव्हता. पण नुकतंच कळलं की ओळखीतल्या आणखी एका घरी तोच माणूस तसाच कागद घेऊन गेलाय. म्हणून सगळं लिहितेय.

आम्ही नाशिकचे. मुलीसाठी स्थळं बघत होतो तेव्हा सांगलीकडच्या एका घरातलं स्थळ आलं. मुलगा टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या केटीला राहणारा, इंजिनिअर. पत्रिका जुळली, दोघं चार-पाच वेळा व्हिडिओ कॉलवर बोलले. मुलीच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की तिला तो आवडलाय. पण आमच्या नात्यातल्या एका मुलीचं परदेशात लग्न झालं आणि तिथे गेल्यावर समजलं की नवऱ्याची पहिली बायको आहे. ते आम्ही जवळून पाहिलेलं. त्यामुळे हे म्हणाले, चौकशी केल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. इथलं स्थळ असतं तर शेजारी, ऑफिस, गल्लीतला दुकानदार, कुणाला तरी विचारलं असतं. केटीत कुणाला विचारणार?

पुण्याच्या एका वधूवर मेळाव्यात तो भेटला. चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला मऊ. परदेशातल्या स्थळांची कायदेशीर पडताळणी करतो म्हणाला. फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा, मिसडिमीनर म्हणजे त्याहून हलका, हे त्यानं इतकं समजावून सांगितलं की यांना वाटलं, माणूस जाणकार आहे. मग म्हणाला, तिकडची कोर्टाची रेकॉर्ड बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत, त्यासाठी वकिलाचं लॉगिन लागतं आणि ते माझ्याकडे आहे. त्याचा सगळा धंदा या एका खोट्यावर उभा होता आणि आम्ही ते तपासलंच नाही.

आधी १५ हजार घेतले. आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर मेसेज आला, “मॅडम, काहीतरी सापडलंय. फोनवर सांगण्यासारखं नाही.” मुलीच्या आईला असा मेसेज आला की तिचं काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. फाइल उघडायला २२ हजार मागितले. आम्ही अर्ध्या तासात पाठवले. रात्री अकराला पीडीएफ आली.

तो कागद मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. वर निळी पट्टी, गरुडाचं चित्र आणि मधोमध लाल अक्षरांत ‘क्रिमिनल रेकॉर्ड फाउंड’. खाली मुलाचं नाव, आडनाव, टेक्सास. वय ४७. आमच्याकडच्या बायोडेटात ३१. मी लगेच विचारलं, तर म्हणाला, सिस्टीममध्ये वयाच्या नोंदी चुकीच्या असतात, नाव बघा. काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, रकान्यात ‘बेक्सर’. गुन्ह्याच्या रकान्यात ‘मिसडिमीनर, क्लास सी’. त्यापुढचा ‘कॉज नंबर’ असा एक रकाना पूर्ण रिकामा. त्याकडे आमचं लक्षही गेलं नाही, कारण लाल अक्षरांपुढे नजर सरकतच नव्हती. मुलीनं फोन हातात घेतला, वाचला, परत दिला आणि खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी यांनी सांगलीला फोन करून सांगितलं की आमच्या गुरुजींनी पत्रिकेत अडचण काढलीय. खरं कारण आम्ही सांगितलंच नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला एका शब्दानं विचारायला हवं होतं. ते आम्ही केलं नाही, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

एवढं होऊनही आम्ही तिसऱ्यांदा पैसे दिले. उद्या मुलाकडच्यांनी बदनामी केली तर हाताशी पुरावा हवा, म्हणून ‘सर्टिफाइड कॉपी’साठी २४ हजार. ती आली कुरिअरनं, जाड कागदावर, सोनेरी शिक्क्यासकट. शिक्क्यावर इंग्रजीत ‘सुपीरियर कोर्ट ऑफ टेक्सास’.

चार महिन्यांनी माझ्या जावेचा भाचा घरच्या मुंजीसाठी आला. तो ह्यूस्टनजवळच शुगर लँडला राहतो. जेवणं झाल्यावर मी त्याला कागद दाखवला. शिक्का बघून तो म्हणाला, “काकू, टेक्सासमध्ये सुपीरियर कोर्ट नावाचं कोर्टच नाही.” मग पीडीएफ खालीवर केली. “आणि कॉज नंबर कुठंय?”

तिथे खटल्याच्या क्रमांकाला कॉज नंबर म्हणतात. नंबर नसेल, कोणत्या कोर्टातला खटला ते नसेल, तर तो कागद कशाच्याच आधारावर उभा नाही. आणि क्लास सी मिसडिमीनर म्हणजे काय? टेक्सासमध्ये गाडी जास्त वेगानं चालवल्याचं चलनही क्लास सीच असतं. त्याला तुरुंग नाही, कायद्यानं दंड फार तर ५०० डॉलर. बेक्सर काउंटी, तिथले लोक ‘बेअर’ म्हणतात, ती सॅन अँटोनिओची. केटीपासून मोटारीनं अडीच-तीन तासांवर. म्हणजे त्याच नावाच्या कुण्या ४७ वर्षांच्या माणसाला त्या शहरात बहुधा एक चलन झालं असेल. आमच्या घरी ते ‘क्रिमिनल रेकॉर्ड’ होऊन आलं.

असे रंगीत अहवाल तिकडच्या माणूस-शोध साइटांवर महिन्याच्या वर्गणीवर कुणालाही मिळतात. त्यानं तसाच एक छापून आम्हाला दिला होता. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २०२३ मध्ये अशा दोन साइट चालवणाऱ्यांना ५८ लाख डॉलर भरायला लावले. ज्याच्या नावावर फक्त वाहतुकीचं चलन आहे त्यालाही गुन्ह्याची नोंद असल्याचं भासवून लोकांना वर्गणी भरायला लावायचं, हाही त्यांच्यावरचा एक आरोप होता. भाच्यानं ती बातमी वाचून दाखवली तेव्हा मला आमची अकरा वाजताची रात्र आठवली.

मग त्यानं आमच्याच डायनिंग टेबलावर, आमच्याच लॅपटॉपवर खरी रेकॉर्ड उघडून दाखवली. वीसेक मिनिटं लागली, एक पैसा लागला नाही. नीट सांगते, कारण ज्यांच्या मुली तिकडे द्यायच्या आहेत त्यांच्या हे उपयोगी पडेल.

सगळ्या अमेरिकेची मिळून लोकांसाठी खुली अशी एक यादी नसते. रेकॉर्ड काउंटीच्या कोर्टात असतं, आणि एकट्या टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. म्हणून आधी मुलगा कुठे कुठे राहिला ते विचारायचं. केटी हे गाव तर हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलंय. पत्ता केटीचा असला तरी तिन्हीकडे बघावं लागतं. फेलनीचे खटले तिथे डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात, आणि त्या कोर्टाचे कागद डिस्ट्रिक्ट क्लर्क नावाच्या अधिकाऱ्याकडे असतात. हॅरिस काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लर्कच्या सरकारी साइटवर नाव टाकून कुणीही शोधू शकतं, नाशिकमधूनसुद्धा. फोर्ट बेंडचंही तसंच. घटस्फोटाचे खटलेही डिस्ट्रिक्ट क्लर्ककडेच, आणि लग्नाचं लायसन्स काउंटी क्लर्ककडे. हॅरिसमध्ये तेही नावावरून शोधता येतं. आम्हाला खरी भीती पहिल्या बायकोची होती ना? मग सगळ्यात आधी तिथेच बघायला हवं होतं, आणि त्या माणसानं लग्नाच्या नोंदीचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

क्लर्कच्या ऑफिसातून खरी सर्टिफाइड कॉपी पानाला डॉलरभरात मिळते. त्यावर काउंटीचं नाव आणि कॉज नंबर असतो.

राज्यभरच्या शिक्षांसाठी टेक्सासच्या डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीची वेगळी साइट आहे, तिथे नावामागे थोडे पैसे पडतात. केंद्राच्या कोर्टांसाठी ‘पेसर’ नावाची सरकारी साइट आहे. पानाला १० सेंट, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरपर्यंतचा वापर असेल तर बिलच येत नाही. पोलिसांचे कागद मागायचे तर टेक्सासचा माहिती कायदा आहे, आपल्या माहिती अधिकारासारखा. तपासाची सगळी फाइल मिळत नाही, पण अटकेची मूळ माहिती, म्हणजे कोण, कधी, कशासाठी, ही द्यावीच लागते. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, साइटवर काउंटीच्या तुरुंगात आज कोण आहे तेही दिसतं.

आपल्या नावांचा घोळ मात्र सांभाळायचा. तिकडे मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नुसतं आद्याक्षर, आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी. एकाच नावाचे चार मराठी एका शहरात सापडतील. जन्मतारीख जुळल्याशिवाय नाव जुळलं असं समजायचंच नाही. आणि शोधात काही आलं नाही म्हणजे सगळं स्वच्छ असंही नाही. काही नोंदी कोर्टाच्या हुकमानं पुसलेल्या किंवा झाकलेल्या असतात. आरोप दाखल झाला आणि दोषी ठरला, या दोन गोष्टी तर वेगळ्याच. निकालाचा रकाना वाचायचा.

भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात पटली. एफबीआयकडून माणूस स्वतःच्या बोटांचे ठसे देऊन स्वतःचं रेकॉर्ड मागवू शकतो, १८ डॉलरमध्ये. मुलाला सरळ म्हणायचं, बाबा, आमची मुलगी सातासमुद्रापलीकडे येतेय, एवढं मागवून दाखव. मनात काही नसेल तर तो रागावणार नाही.

त्या रात्री आम्ही त्या मुलाचं नाव तिन्ही काउंट्यांत टाकलं. जन्मतारीख बायोडेटात होतीच. गुन्हा नाही, घटस्फोट नाही, लग्न नाही.

त्या माणसाला फोन केला तर आधी म्हणाला, मी फक्त माहिती देतो, गॅरंटी देत नाही. दुसऱ्यांदा उचलला नाही. आम्ही सायबर पोलिसांत तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या ३१८ कलमाखाली. यूपीआयचे तिन्ही व्यवहार, चॅट, कुरिअरची पावती, सगळं जोडलंय. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर बँकेत रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही गेलो तोवर पाच महिने उलटले होते. पैसे आलेले नाहीत.

कुणी तुम्हाला सांगितलं की रेकॉर्ड वकिलाच्या लॉगिनशिवाय दिसत नाही, तर तिथेच थांबा. “सापडलंय, पण उघडायला आणखी पैसे” म्हणाला तर एक रुपया पाठवू नका. आधी काउंटी, कोर्ट आणि कॉज नंबर मागा आणि सरकारी साइटवर स्वतः बघा. नाही जमलं तर तिकडच्या नात्यातल्या कुणालाही सांगा, हे काम वीस मिनिटांचं आहे.

महिनाभर मन घट्ट करत शेवटी मी सांगलीला मुलाच्या आईला फोन केला. पत्रिकेचं खोटं होतं हे सांगितलं, कागदाचं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ताई, त्याचं ठरलंय आता. पण तो कागद मला पाठवा. त्याच्या नावानं असं काही कुणाच्या घरी पोचलंय, हे त्याला कळायला हवं.”

मी पीडीएफ पाठवली. सोबत त्या माणसाचा नंबर, तक्रारीची प्रत आणि यांच्या हातचं एक पत्र, की तुमच्या मुलाबद्दल आम्ही जे मनात धरलं ते चूक होतं.