शेवटची जागा कुणाला: बड्या घरचा संघ की भरपूर जिंकलेला छोटा?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या एनसीएए स्पर्धेसाठी स्वतःची अडुसष्ट संघांची यादी करायची हौस असली की घोडं दर मार्चमध्ये एकाच ठिकाणी अडतं. पहिल्या साठेक नावांवर वाद नसतो. शेवटच्या तीन-चार जागांसाठी मात्र दोन तऱ्हेचे उमेदवार समोर येतात. एक एसीसी किंवा एसईसीसारख्या बड्या कॉन्फरन्समधला (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट), वीस-बावीस सामने जिंकलेला आणि दहा-बारा हरलेला. दुसरा मिसुरी व्हॅलीसारख्या कॉन्फरन्समधला, अठ्ठावीस जिंकलेला, पण नेमकी कॉन्फरन्स स्पर्धेची फायनल हरून विजेत्याला मिळणारा थेट प्रवेश घालवून बसलेला.

आधी एक गोष्ट ठरवून टाका. संघ निवडणारी कमिटी काय करेल ते ओळखायचं आहे, की कुणाचा हक्क आहे ते? पहिलंच असेल तर फार डोकं चालवू नका, बड्या संघाचं नाव लिहा. बहुतेक वेळा गुण मिळतील. मी लिहितोय ते दुसऱ्याबद्दल.

माझ्यासमोर ही निवड खऱ्या अर्थाने उभी राहिली ती २०२४ मध्ये. मी इंडियानापोलिसला राहतो, इंडियाना स्टेट विद्यापीठाचं गाव टेरा होट इथून गाडीने सव्वा-दीड तासावर. त्यामुळे इंडियाना स्टेटबद्दल माझं मन साफ आहे असा दावा करणार नाही. पण संघ होताच तसा. गॉगलसारखा चष्मा लावून खेळणारा सेंटर रॉबी अविला पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, उभा राहून पास द्यायचा आणि बाकीचे चौघे सतत कट मारत राहायचे. पाचही जण तीनचा शॉट मारू शकत असल्याने बचाव करणाऱ्याला रिंगखाली थांबायची सोयच नव्हती. २८ विजय, ६ पराभव, नेट या एनसीएएच्या अधिकृत क्रमवारीत पहिल्या तिसांत. त्या फेब्रुवारीत तर ते एपी वृत्तसंस्थेच्या पहिल्या पंचवीसमध्ये आले, लॅरी बर्डच्या १९७९च्या संघानंतर पहिल्यांदाच. मग कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये ड्रेककडून ८४-८० असे हरले आणि कमिटीच्या दारात जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या पारड्यात व्हर्जिनिया. २३ विजय, १० पराभव, नेटमध्ये पन्नाशीच्या पलीकडे. पण एसीसीचा शिक्का, आणि २०१९चं विजेतेपद अजून लोकांच्या डोळ्यांसमोर. संघ शिस्तीचा, संथ, बचावाला घट्ट. बास्केट मात्र पडेल तेव्हा पडेल. त्या वर्षी एनसी स्टेट, ओरेगन वगैरेंनी आपापल्या कॉन्फरन्स स्पर्धा अनपेक्षितपणे जिंकून जागा खाल्ल्या, त्यामुळे बबलवर, म्हणजे आत-बाहेरच्या सीमेवर, चेंगराचेंगरी होती. व्हर्जिनिया आत गेलं, इंडियाना स्टेट बाहेर राहिलं.

बड्यांची बाजू खोटी नाही. आठवड्यातून दोनदा तगड्या संघांशी खेळून निम्मे सामने जिंकणं सोपं नसतं. इंडियाना स्टेटने मोठ्यांशी खेळून पाहिलं तेव्हा अलाबामा आणि मिशिगन स्टेट, दोघांकडून हरले. क्रमवारीत आल्याबरोबर घरच्या मैदानावर इलिनॉय स्टेटकडून हरले, तो डाग तर कुणीच पुसू शकत नाही. आणि २०२५ बघा: स्वीट सिक्स्टीनमधले, म्हणजे शेवटच्या सोळांतले, सोळाही संघ चार बड्या कॉन्फरन्समधले, त्यात सात एकट्या एसईसीचे. नवा खेळाडू विकत घेता येऊ लागल्यापासून छोट्या संघाचा चांगला पोरगा दुसऱ्या वर्षी मोठ्या संघात दिसतो. ही दरी येत्या काळात वाढेल असंच वाटतं.

तरी माझं पारडं झुकलं ते एका कटकटीमुळे.

कमिटीसमोर टीम शीट नावाचा एक कागद असतो. प्रत्येक संघाचे सामने त्यावर चार रकान्यांत विभागलेले असतात. क्वाड १ हा सगळ्यात कठीण सामन्यांचा रकाना, म्हणजे घरी नेटच्या पहिल्या तीसमधला प्रतिस्पर्धी, तटस्थ जागी पहिल्या पन्नासमधला, बाहेर पहिल्या पंचाहत्तरमधला. बड्या कॉन्फरन्समधल्या संघाचा हा रकाना जानेवारी-फेब्रुवारीत आपोआप भरतो. छोट्याचा भरतच नाही, कारण त्याच्या घरी यायला कुणी तयार नसतं. मोठा संघ टेरा होटला कशाला जाईल? जिंकला तर फायदा थोडा, हरला तर बदनामी. तो उलट चांगले पैसे मोजून छोट्याला आपल्या घरी बोलावतो, तेही शक्यतो दुबळ्या छोट्याला. चांगल्या छोट्या संघाच्या प्रशिक्षकाचे फोन उचललेच जात नाहीत, असं त्या वर्तुळात कुणालाही विचारा. आणि मार्चमध्ये त्याच छोट्याला ऐकवायचं की तुमचे क्वाड १चे विजय कमी पडले! पंगतीला बसू द्यायचं नाही आणि वर विचारायचं, जेवला का नाहीस?

यातूनच ‘चांगला पराभव’ नावाचा अजब प्रकार निघतो. २०२५ला नॉर्थ कॅरोलायना क्वाड १मध्ये १-१२ होतं. तेरा संधी, विजय एक. तरी संघ आत. त्या वर्षी कमिटीचा अध्यक्ष त्याच विद्यापीठाचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर होता. त्यांच्या संघावर चर्चा होताना तो नियमाप्रमाणे बाहेर बसला होता, त्यामुळे त्यात काळंबेरं होतं असं मी म्हणणार नाही. मला खटकतं ते वेगळंच. तेरा संधींतून एक विजय ही माहिती त्या संघाच्या विरोधात जायला हवी होती. ती मोठ्या मनाने ‘कठीण वेळापत्रक’ या खात्यात जमा झाली.

आता निकाल. व्हर्जिनिया डेटनला फर्स्ट फोरमध्ये, म्हणजे मुख्य फेरीआधीच्या प्राथमिक सामन्यांत, कोलोराडो स्टेटकडून ६७-४२ असं हरलं. पूर्वार्धात चौदा गुण. इंडियाना स्टेट एनआयटी या दुय्यम स्पर्धेत गेलं. तिथले त्यांचे शेवटचे दोन सामने इथे इंडियानापोलिसलाच, हिंकल फील्डहाऊसमध्ये झाले. युटाविरुद्ध त्यांनी शंभर गुण केले, फायनलमध्ये सेटन हॉलकडून दोन गुणांनी हरले. वरच्या गॅलरीतल्या बाकावरून मला जे दिसलं त्यावरून हा संघ अडुसष्टमध्ये बसत नाही असं काही वाटलं नाही. हा पुरावा नव्हे, हे मान्य. कारण नॉर्थ कॅरोलायनानेही पुढच्या वर्षी फर्स्ट फोरमध्ये सॅन दिएगो स्टेटला ९५-६८ असं धुतलं, आणि व्हीसीयू (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ) या छोट्या संघाला २०११मध्ये आत घेतल्याबद्दल कमिटीने भरपूर शिव्या खाल्ल्या, तो संघ कॅन्ससला हरवून थेट फायनल फोरला, म्हणजे उपांत्य फेरीत, गेला. एखाद्या सामन्यावरून दोन्ही बाजूंना हवं ते सिद्ध करता येतं.

म्हणून मी निकाल बाजूला ठेवून कागदावर दोनच गोष्टी बघतो. मिळालेल्या संधींपैकी किती साधल्या, आणि घराबाहेर कसे खेळले. विजयांची नुसती मोजणी करत नाही. २०२५च्या हंगामापासून टीम शीटवर ‘विन्स अबव्ह बबल’ हा आकडा आलाय. तुमच्या वेळापत्रकावर बबलवरच्या संघाने साधारण किती सामने जिंकले असते आणि तुम्ही त्याहून किती जास्त जिंकलात, हे तो सांगतो. छोट्याला यात थोडा तरी न्याय मिळतो. तो आधी बघा, क्वाड १चा रकाना नंतर.

याचा अर्थ मोठा संघ दिसला की फुली, असा नाही. २०२५ला माझ्या यादीत वेस्ट व्हर्जिनिया होतं. बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये १०-१०, कॉन्फरन्स स्पर्धेत तळाच्या कोलोराडोकडून हरलेलं. पण बहामात गोंझागा आणि अ‍ॅरिझोना, दोघांनाही ओव्हरटाइममध्ये हरवलेलं, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी कॅन्ससला त्यांच्याच अ‍ॅलन फील्डहाऊसमध्ये एका गुणाने हरवलेलं. दुसऱ्याच्या दारात जाऊन जिंकणाऱ्याची कॉन्फरन्स मी विचारत नाही. कमिटीने त्यांनाही बाहेरच ठेवलं.