जेंटूचं पोर्टेज : सगळं घरीच कंपाईल करायचे दिवस गेले

घरच्या डेस्कटॉपवर जेंटू आणि कामाच्या लॅपटॉपवर डेबियन, अशा लिनक्सच्या दोन तऱ्हांवर माझं बरीच वर्षं चाललंय. जेंटू प्रोग्रॅमचा मूळ कोड (सोर्स) आणून तो घरीच कंपाईल करतं, म्हणजे चालवता येईल असा बांधतं; डेबियन आधीच बांधलेली तयार पॅकेजं (बायनरी) उतरवतं. सोर्स बरं की बायनरी, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते : पॅकेज बांधणाऱ्यांनी तुमच्या वतीने घेतलेले निर्णय तुम्हाला खटकतात का? नसतील खटकत, तर डेबियन टाका आणि कामाला लागा. त्याचं पॅकेज मॅनेजर ॲप्ट काही मिनिटांत अख्खं लिबरऑफिस बसवतं, सुरक्षेचे अपडेट नियमित येतात, स्टेबल शाखा उगाच हलत नाही.

खटकत असतील तर मात्र जेंटूच्या पोर्टेज या पॅकेज मॅनेजरला तोड नाही, आणि ते यूज फ्लॅगमुळे, म्हणजे प्रोग्रॅममधला कुठला भाग हवा, कुठला नको हे सांगणाऱ्या खुणांमुळे. माझ्या डेस्कटॉपला ना प्रिंटर, ना ब्लूटूथ. एखाद्या प्रोग्रॅममधला तो भाग नको असं फ्लॅगमध्ये लिहिलं की तो कंपाईलच होत नाही, त्याच्यामागून येणाऱ्या लायब्रऱ्याही येत नाहीत. पोर्टेजची इमर्ज ही आज्ञा आधी ‘प्रिटेंड’ (नुसतं दाखव) आणि ‘व्हर्बोज’ (तपशिलात दाखव) लावून चालवून बघा. प्रत्येक पॅकेजपुढे त्याचे फ्लॅग ओळीने येतात : चालू ते लाल, बंद ते वजाचं चिन्ह लावून निळे, नुकताच बदललेला हिरवा आणि त्याच्या शेवटी फुली (*). काहीही बसवण्याआधी मशीनवर नेमकं काय येणार हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं पॅकेज मॅनेजर मी वापरलेलं नाही.

सोर्स आणून पॅकेज बांधायची सोय डेबियनमध्येही आहे. पण पुढचा सुरक्षा अपडेट आला की तुमचं पॅकेज मागे पडतं आणि बदल पुन्हा हाताने करत बसावं लागतं. पोर्टेज तुमची निवड लक्षात ठेवतं आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला आपणहून लावतं. मला जेंटू हवं ते यासाठीच. वेगासाठी घेऊ नका. प्रोसेसरला साजेसे पर्याय देऊन कंपाईल केलेला ब्राउझर रोजच्या वापरात मला तरी वेगळा जाणवत नाही.

याची किंमत मोजावी लागते ती एलएलव्हीएम (कंपायलर बनवण्याचा संच), क्यूटी वेबइंजिन, क्रोमियम (ब्राउझर) अशा धुडांपाशी. एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कंपाईल-कामामागे साधारण दोन जीबी रॅम धरा. आठ जीबीच्या मशीनवर आठ कामं सोडलीत तर मेमरी संपून बांधणी मध्येच कोसळते. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पंख्याखालीही घाम थांबत नसताना, प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालवणं मला पटत नाही.

२९ डिसेंबर २०२३ ला जेंटूने यावर उत्तर दिलं. एएमडी६४ आणि आर्म६४ या प्रोसेसरच्या प्रकारांसाठी तयार बायनरी पॅकेजं, सुरुवातीलाच वीस जीबीहून जास्त, त्यात लिबरऑफिस, प्लाझ्मा आणि ग्नोम हे डेस्कटॉप, सगळं. पोर्टेजच्या फीचर्स या सेटिंगमध्ये ‘getbinpkg’ लिहा आणि बायनरी रेपोची (पॅकेजांच्या साठ्याची) फाईल तुमच्या प्रोफाईलशी, म्हणजे सिस्टिमच्या मूळ मांडणीशी, जुळवून घ्या. मग इमर्जच्या यादीत कुठे ‘ईबिल्ड’ (घरी कंपाईल होणारं) दिसतं, कुठे ‘बायनरी’ (तयार उतरणारं). तुमचे फ्लॅग सर्व्हरवरच्या पॅकेजशी जुळले तर तयार माल उतरतो, नाही जुळले तर तेवढंच पॅकेज घरी कंपाईल होतं. म्हणून एक सांगते : फ्लॅग सरसकट सगळ्या सिस्टिमला लावू नका, ज्या पॅकेजात फरक हवा त्याच्याच नावाने लिहा. सरसकट फ्लॅग बदललात की ढीगभर बायनरी जुळेनाशा होतात आणि सोय हातची जाते. जेंटूची टेस्टिंग (नव्या आवृत्त्या आधी येणारी) शाखा वापरणाऱ्यांनाही फायदा कमीच, कारण ही पॅकेजं स्टेबलची आहेत.

सोर्सवरून बांधलं म्हणजे सुरक्षित, हा समज मात्र सोडा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाईली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा सापडला. तो लावणारा तुकडा गिटवर सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हता, प्रकाशित केलेल्या सोर्सच्या टारबॉलमध्ये (गठ्ठ्यात) होता. डेब किंवा आरपीएम (डेबियन, फेडोरा यांसारख्यांचं तयार) पॅकेज बांधलं जातंय असं दिसलं तरच तो चालायचा, म्हणून घरी कंपाईल करणाऱ्यांवर त्याचा रोख नव्हता. पण टारबॉल त्यांच्याकडेही तोच उतरत होता, आणि कंपाईल करण्याआधी तो ओळ न्‌ ओळ कुणी वाचत नाही. जेंटूची बायनरी पॅकेजं डिजिटल सहीनिशी येतात. ती सही तपासण्याची सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करा.