‘डायरेक्ट लावा’ म्हणून विकलेला सीटी क्लॅम्प

आमच्या पिठाच्या गिरणीची ५ एचपीची मोटर भर दुपारी ओव्हरलोडवर ट्रिप व्हायची. वायरमन म्हणे रिले खराब, रिवाइंडिंगवाला म्हणे बेअरिंग गेलं. दिवसभराचा करंट नोंदवून बघावा म्हणून डेटा लॉगर घेतला आणि ऑनलाइन एका विक्रेत्याकडून तारेभोवती बसून तिच्यातला प्रवाह मोजणारा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) क्लॅम्प. त्यावर छापलं होतं ‘३० अँपिअर / १ व्होल्ट’, म्हणजे तारेत ३० अँपिअर असताना क्लॅम्प १ व्होल्ट देणार, आणि त्यासाठी आत रेझिस्टर लागतो. तरी मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, आत रेझिस्टर आहे ना? उत्तर आलं, “आहे, डायरेक्ट लावा.”

नव्हता.

सीटीच्या गुंडाळीतल्या प्रवाहाला वाहायला रस्ता हवा. रेझिस्टर असला की प्रवाह त्यातून जातो आणि मोजण्याजोगं थोडंसं व्होल्टेज मिळतं. रस्ताच नसेल तर गाभ्यातल्या चुंबकत्वाला विरोध करणारं काही उरत नाही आणि टोकांवर धोकादायक व्होल्टेज चढतं. लॉगरचं इनपुट जवळजवळ प्रवाह घेतच नाही. म्हणजे माझा सीटी उघडाच होता!

ही मोटर चालताना साधारण ७.५ अँपिअर घेते, सुरू होताना मात्र त्याच्या सहापटीच्या आसपास. स्टार्टरचं बटण दाबलं आणि लॉगरमधून जळका वास आला. घाबरून मी मोटर चालू असतानाच लॉगरमधून क्लॅम्पची पिन उपसली. बोटांना सणकून झटका बसला. शेजारी माझी मुलगी डबा घेऊन उभी होती. तिने हात लावला असता तर, हा विचार आजही झोपू देत नाही.

मेन बंद करून क्लॅम्प खोलला. रेझिस्टरची जागा रिकामी. वरचं स्टिकर नखाने निघालं, खाली मूळ छाप होता: १०० अँपिअर / ५० मिलिअँपिअर. म्हणजे व्होल्टेज नाही, नुसता प्रवाह देणारा, बिनरेझिस्टरचा क्लॅम्प.

विक्रेता म्हणाला, तुम्हीच चुकीचं जोडलंत, जळालेला माल परत घेत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, चॅट आणि फोटोंसह तक्रार केली तेव्हा क्लॅम्पचे पैसे मिळाले. लॉगरचे बुडाले.

दुसरा क्लॅम्प दुकानात समोर खोलून घेतला, आतला रेझिस्टर डोळ्यांनी पाहिला. घरी १००० वॅटच्या इस्त्रीच्या एकाच तारेवर लावला (दोन्ही तारा एकत्र घेतल्या तर काहीच दिसत नाही), मीटरवर ०.१४ व्होल्ट आले. ४.३ अँपिअरला तेवढेच यायला हवेत. आता मेन बंद केल्याशिवाय मी त्याच्या पिनेला हात लावत नाही.

त्या विक्रेत्याची जाहिरात अजून तशीच आहे, ‘३० अँपिअर / १ व्होल्ट’.