आरसीवर एक इंजिन, बॉनेटखाली दुसरंच: 4,65,000 रुपयांची पिकअप दारात उभी

लिहायची लाज वाटते, पण अजून कुणी फसू नये म्हणून लिहितो.

मी भाजीची वाहतूक करतो, गाडी स्वतः चालवतो. ऑगस्ट 2024 मध्ये जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून 2018 ची बोलेरो पिकअप घेतली. सौदा 4,65,000 ला ठरला. 25,000 इसार रोख, 3,00,000 पतसंस्थेचं कर्ज, उरलेले 1,40,000 बायकोचे दागिने गहाण टाकून. "दादा, इंजिन आत्ताच बांधलंय, दोन वर्षं हात लावायला नको," म्हणाला. मी आंधळेपणाने घेतली नाही. चासी नंबर आरसीशी ताडला, टायर, पाटे, विमा, सगळं पाहिलं. 15 वर्षं स्टिअरिंगवर काढली आहेत.

पण ब्लॉकवर इंजिन नंबर असतो तेवढ्याच जागी ताजा काळा रंग होता. बाकी इंजिन तेलकट, ती टीचभर जागा चकचकीत. बोट लावलं, बोट काळं झालं. विचारलं तर म्हणाला, "बांधणीनंतर रंग मारतातच." मी बोट पँटला पुसलं आणि पैसे मोजले. रोज रात्री तेच आठवतं. थिनरचा एक बोळा फिरवायला दोन मिनिटं लागली असती. चावी फिरवल्यावर मीटरमधला इंजिनचा दिवाही पेटला नव्हता. "बल्ब गेलाय," म्हणाला. तेही ऐकून घेतलं.

डिसेंबरमध्ये आरटीओत पासिंगला (गाडीच्या फिटनेस तपासणीला) नेली तर इन्स्पेक्टरने बॉनेट उघडून गाडी परत पाठवली. आमच्या मिस्त्रीने रंग काढला. खाली ग्राइंडरचे ओरखडे, नंबर घासून सपाट. मग हे इंजिन कुठलं? हेड खोलून माप घेतलं: बोअर (सिलिंडरचा व्यास) 88.9 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 101.6 मिमी, चार सिलिंडरचे 2523 सीसी. आरसीवरही 2523 च. म्हणून सीसी जुळले यावर कधीही विसंबू नका. फरक कळला तो इंजिनला डिझेल देणाऱ्या पंपावरून. 2018 च्या गाडीला कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक डिझेल फवारणी) हवं, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला वायर. माझ्या गाडीला जुना मेकॅनिकल पंप, चार नोजलना चार वेगळे पाइप, अ‍ॅक्सिलरेटरला केबल. बीएस-4 हा धुराच्या प्रदूषणाचा नियम देशभर 1 एप्रिल 2017 पासून लागू झाला, त्यामुळे असं इंजिन या गाडीत कंपनीतून येणं शक्यच नव्हतं. मूळ वायरिंगचा जुडगा टेप गुंडाळून डॅशबोर्डमागे कोंबलेला सापडला. पंपावरची नंबरची पट्टीसुद्धा उपटलेली, नुसते रिबिट शिल्लक.

खोलाईचे 8,500 आणि टोईंगचे 3,200 वेगळे गेले.

आता कार्यालयांचं ऐका. गाडी नावावर करताना आरटीओने फॉर्म 29, 30 घेतले, चासीचा पेन्सिल छाप घेतला, एजंटने 6,500 घेतले. इंजिनकडे एकानेही पाहिलं नाही. आणि आता तेच मला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतात, की इंजिन बदललं तर मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. मी बदललंय का? म्हणे इंजिनचं बिल आणा, पोलिसांचा दाखला आणा. पोलीस म्हणतात, देण्याघेण्याचा वाद आहे, कोर्टात जा. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीसाठीच आहे ना? पाच फेऱ्या मारल्या, अर्जाची पोच दिली नाही. वर एक साहेब म्हणतो, "इंजिन चोरीचं निघालं तर सापडलंय तुमच्याकडे." तक्रार करायला गेलेल्या माणसाला असं बोलतात! पाचही दिवसांचा धंदा बुडाला. व्यापारी मात्र बिनधास्त दुकानात बसलेला असतो. अर्ज तुम्ही स्पीड पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, पोच तरी हातात राहते.

इसाराच्या चिठ्ठीवर इंजिन नंबर लिहून घ्या. नाही म्हणाला तर उठा. इंजिन बदललेलं असेल तर आधी आरसीवर नोंद, मग पैसे. मिस्त्री आपला न्या, व्यापाऱ्याने सुचवलेला नको. रोख तर अजिबात नको. माझ्या 25,000 चा पुरावा नाही.

गाडी धंद्याची म्हणून ग्राहक आयोगात दाद मिळणार नाही, असं मला दोघांनी सांगितलं. ते खोटं आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर 2019 च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच धरले जाता. मी तक्रार दाखल केली आहे. मिस्त्रीचं लेखी म्हणणं आणि घासलेल्या नंबराचे फोटो सोबत जोडलेत. इंजिन आहे तसंच ठेवलंय, निकालापर्यंत त्याला पाना लावू देणार नाही.