घराचा स्लॅब: ओपीसी, पीपीसी की स्लॅग सिमेंट?

घर बांधायला काढलं की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "ओपीसी देऊ की पीपीसी?" ओपीसी म्हणजे साधं पोर्टलंड सिमेंट, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं. बरेच जण गोणीवरचा 53 हा आकडा पाहून ओपीसी उचलतात. आकडा खरा आहे. प्रमाणित चाचणीत 53 ग्रेडच्या सिमेंटला 3 दिवसांत 27 आणि 28 दिवसांत 53 मेगापास्कल (दाब सोसण्याच्या ताकदीचं एकक) ताकद दाखवावी लागते. पीपीसीला तेवढ्याच मुदतीत 16 आणि 33 पुरते. पण हा हिशेब 28 दिवसांचा, आणि घर पुढच्या पिढीला द्यायचं आहे.

सिमेंट पाण्यात कालवलं की त्यातून चुना सुटतो. गळक्या स्लॅबखाली पांढरे ओघळ दिसतात, ते बहुधा या चुन्याचेच. पीपीसीत 15 ते 35 टक्के फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख असते. ती या चुन्याला धरून त्याचंच नवं सिमेंट बनवते. छिद्रं बुजत जातात, पाणी मुरायचं कमी होतं, ताकद महिन्यानंतरही वाढत राहते. उष्णताही कमी सुटते, म्हणून जाड कामात तडे कमी. घाटघर जलविद्युत प्रकल्पाची धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत आणि त्यात अशी राख भरपूर वापरली आहे.

स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्यांच्या झोतभट्टीतली मळी (स्लॅग) दळून घालतात, 25 ते 70 टक्क्यांपर्यंत. खाऱ्या हवेतलं, सळई गंजवणारं क्लोराईड सळईपर्यंत पोचू न देण्यात हे सिमेंट फार चांगलं. कोकणात जुन्या घरांच्या छज्जांमधून गंजून फुगलेली सळई बाहेर डोकावताना दिसते. समुद्राकाठी किंवा खाडीलगत घर असेल आणि ताजं स्लॅग सिमेंट मिळत असेल, तर मी दुसरं घेणार नाही. देशावर पीपीसी. ओपीसी फक्त सेंट्रिंग लवकर मोकळं करणं खरोखर गरजेचं असेल तेव्हाच.

मात्र एक अट आहे आणि ती पाळायची नसेल तर वरचं सगळं विसरा. ओपीसीला किमान 7 दिवस पाणी मारतात. पीपीसी आणि स्लॅगला किमान 10, उन्हाळ्यात 14. राखेचं आणि मळीचं काम सावकाश चालतं आणि त्याला ओल लागते. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. सकाळ-संध्याकाळ नुसता पाइप फिरवून भागत नाही. दुपारी गोणपाटाला हात लावून बघा, कोरडं लागलं तर तो दिवस वाया गेला. सेंट्रिंगही ओपीसीच्या सवयीने काढू नका, इंजिनिअरला विचारूनच काढा.

आणि पीपीसीत साइटवर आणखी राख मिसळू देऊ नका. राख त्यात आधीच आहे.

स्लॅग वापरलंत तर फळ्या काढल्यावर काँक्रीट निळसर-हिरवट दिसू शकतं. घाबरू नका, हवा लागली की तो रंग जातो.